तट्टाची दोरी

न्हावरे,
ता. ७ एप्रिल १९७४

चि. म्हाळसा,

आधी आबाचे आशीर्वाद, बाकीचं मागून.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते फडताळात ठेवशील आणि दुपारची भांडी उरकल्यावर उघडशील, असं तुझी आई म्हणते. तसं कर. नऊ वर्षांत मी तुला लिहिलं नाही आणि तू मला लिहिलं नाहीस, तेव्हा एका दुपारनं काही बिघडत नाही.

आई परवा दौंडहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आतच निम्मी बातमी सांगून झाली होती. बबनरावांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली, तिला हिरवा रंग दिला, आणि खंडूची मॅट्रिकची परीक्षा संपली त्या दिवशी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. आईला केवढं कौतुक. "अवो, सवताची गाडी दिली पोराला. त्यो चालवतो आन् मागं धा पोरं बसत्यात. थोरली भामी रोज सकाळी फडकं मारती तिला. आरशागत दिसती."

मी ऐकून घेतलं आणि रात्रभर विचार केला. आता लिहितो.

खंडू सतराचा. लायसन मिळायला अठरा लागतात, एवढं तर ट्रकचा धंदा करणाऱ्या जावईबापूंना ठाऊक असणार. पण कायद्याचं सोड. मी तीस वर्षं पोरं हाताळली. ज्या पोराला न मागता पाटी मिळते त्याची पाटी पहिली फुटते, हे मी वर्गात बसून पाहिलेलं आहे. बबनराव म्हणतात म्हणे, "मला बापानं काय दिलं न्हाई, माझ्या पोराला कमी पडू देणार न्हाई." भावना मोठी आहे. पण ते स्वतः आधी क्लीनर होते. ट्रकखाली झोपले, टायर बदलले, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या, आणि मग स्टिअरिंगला हात लावला. खंडूला एकदम शेवटचा धडा दिला आणि आधीची पानं फाडून टाकली. अशानं पुस्तक कळत नाही.

आमच्या तिसरीच्या पुस्तकात घोड्याची एक कविता होती. मास्तर ती म्हणायला लागले की आम्ही बाकावर मांडी हलवायचो, जणू खालीच घोडा आहे. संध्याकाळी घरी जाताना ओढ्यापाशी येईपर्यंत माझी ती चाल मोडायची नाही. अजूनही सकाळी फिरायला जातो तेव्हा त्या कवितेच्या चालीवर पाय पडतात. असो. जीपवर येतो.

आपल्या घरात एक रीत होती, ती तुला सांगायला हवी. आपला वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे. मेंढरं, माणसं आणि तट्टं मिळून जे रोज चालतं आणि रोज नव्या शेतात उतरतं, त्याला आपल्यात वाडा म्हणतात. मी शाळेला लागलो म्हणून गावात राहिलो, माझ्या भावाचा वाडा अजून चालतो आहे. या वाड्यात सगळ्यांत मोलाचं काय, तर ओझ्याचं तट्टू. पाठीवर अंथरुणं, भांडी, कोंबड्या, आणि दोन्ही अंगांच्या झोळ्यांत आदल्या रात्री जन्मलेली कोकरं. मुंडकी तेवढी बाहेर. मी लहानपणी त्या तट्टासाठी जेवण सोडून बसलो होतो. माझा बाप म्हणाला, "पोराच्या हाती तट्टू दिलं की पोरगं ते पळवणार. पळालं की कोकरं सांडणार. तू मेंढरांमागं चाल."

तेव्हा, आपल्यात तट्टू पोराच्या हाती दिलेलं नाही. हे जावईबापूंना नीट सांग आणि किल्ली काढून घ्यायला लाव. मी सांगितलं असं म्हण, किंवा म्हणू नकोस.

तुझा,
आबा

ता. क. त्या तट्टावर मी चार ओळी जुळवल्या होत्या. तू दुसरीत असताना गॅदरिंगला म्हणाली होतीस. तुझ्या लक्षात नसतील म्हणून देतो.

तट्टू चाले पुढे पुढे,
पाठीवरती घर;
घरामध्ये कोकरू निजे,
त्याला हलके धर.

न्हावरे,
ता. २३ एप्रिल १९७४

चि. म्हाळसा,

तुझं कार्ड पोचलं. चारच ओळी लिहिल्यास, पण अक्षर अजून तसंच आहे, वेलांट्या डौलदार. मी ते आईला वाचून दाखवलं. इथं पुन्हा उतरवतो, म्हणजे उत्तर देताना माझा धागा सुटणार नाही.

"आबा, तट्टू पोराच्या हाती देत नसत हे कळलं. मग कुणाच्या हाती देत असत तेही लिहा. आणि सातवी झाल्यावर मी शिरूरच्या हायस्कुलात जायला सायकल मागितली होती, तेव्हा ही रीत तुम्हाला आठवली नव्हती का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तट्टाची दोरी घरातल्या थोरल्या पोरीच्या हाती असायची. पुरुष मेंढरं घेऊन रानानं जायचे, बायका तट्टं घेऊन वाटेनं. पोरगी जाणती झाली की तिची आई तिच्या हाती दोरी द्यायची आणि तट्टाच्या गळ्यातली घाट्यांची, म्हणजे छोट्या घंटांची, माळ नव्यानं ओवायची. वाडा कुठं उतरायचा, पाणी कुठं, सावली कुठं, हे दोरी जिच्या हाती ती ठरवायची. मेंढरांमागून आलेले पुरुष मुकाट्यानं तिथं बसायचे. माझी थोरली बहीण असं आम्हाला घाटापर्यंत नेऊन परत आणायची.

पण हे तट्टाचं झालं. जीपची गोष्ट वेगळी. ती पोरीनं चालवायची गोष्ट नव्हे, हे मी वेगळं सांगायला नको. मी रीत सांगितली ती खंडूपुरती.

दुसऱ्या प्रश्नावर मी या पत्रात लिहीत नाही.

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "सायकलीचं काय लिवलं तुमी?"

म्हटलं, "त्यावर काही लिहिलं नाही."

"का?"

"विषय जीपचा आहे."

"व्हय, इषय जीपचाच हाय," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी जरा जोरात उलटली.

तुझ्या कार्डात सत्काराचा उल्लेख नाही, ते बरं केलंस. नऊ वर्षांपूर्वी माझ्या निवृत्तीच्या दिवशी शिक्षणाधिकारी साहेब बोलत होते, की या मास्तरांनी शेतातल्या पोरी पाटीपुस्तकापाशी आणल्या. तेव्हा तू बायकांच्या बाजूला बसली होतीस आणि भाषण चालू असतानाच उठलीस. एका हाती भामा, दुसऱ्या हाती खंडू धरून सरळ स्टँडकडं गेलीस. लोकांनी विचारलं, तर मी म्हणालो, तिच्या एसटीची वेळ झाली. नारळ आणि शाल घेऊन घरी आलो तेव्हा कळलं, एसटी त्या दिवशी तासभर उशिरा होती. तू स्टँडवर बसून होतीस.

इकडं कांदा निघाला. यंदा बरा आहे, गेल्या दोन वर्षांच्या मानानं फारच बरा. अंगणात ढीग लावला आहे. फाटक उघडलं तर ढिगाला लागतं, म्हणून अंग चोरून आत यावं लागतं.

किल्लीचं काय केलंत ते कळव.

आबा

न्हावरे,
ता. १९ मे १९७४

चि. म्हाळसा,

रेल्वेचा संप, त्यामुळं टपालाचा भरवसा नाही. हे पत्र कांद्याच्या ट्रकबरोबर दौंडला येणाऱ्या माणसाच्या हाती देतो. आगगाड्यांच्या शिट्ट्यांवाचून तुम्हाला दौंडात चुकल्यासारखं वाटत असेल.

किल्लीचं काय झालं ते तू कळवलं नाहीस. ते मला दुसरीकडून कळलं. मी लिहितो ते तुला अर्धं ठाऊक असेल. उरलेलं अर्धं ठाऊक नसेल, म्हणून लिहितो.

काल सकाळी ज्ञानू आला, माझ्या भावाचा मुलगा, म्हणजे तुझा चुलतभाऊ. वाडा यंदा कोकणातून लवकर परतला आणि ओढ्याच्या अंगाला उतरला आहे. ज्ञानू एरवी येताना हसतच येतो. काल ओट्यावर बसला आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"आबा, एक मेंढी गेली. एकीचा पाय गेला. कासुर्डीपाशी."

"कशानं?"

"जीपनं. ऊन उतरलं व्हतं. कळप डांबरी वलांडत व्हता, निम्मा पल्याड, निम्मा अल्याड. पुण्याकडनं ही हिरवी जीप आली. नुसती थांबली असती तर काय बी नव्हतं. पर पोरगं हॉर्न वाजवाया लागलं. वाजवतंय आन् वाजवतंय. मी हात केला, आरं थांब. त्याला वाटलं, मी म्होरं बोलावतोय."

पुढचं मी न विचारताही सांगू शकलो असतो. हॉर्न वाजला की पल्याड गेलेली मेंढरं मागं फिरतात, अल्याडची पुढं घुसतात, आणि सगळी रस्त्याच्या मध्यावर एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. म्हणून कळपापाशी इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. पुढची मेंढी चालू लागली की बाकीची आपणच बाजूला होतात. एसटीच्या ड्रायव्हरला हे कळतं, बैलगाडीवाल्याला कळतं. ज्याच्या पणज्यानं सगळा जन्म मेंढरांमागं काढला, त्या पोराला कळलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तूही नाही, मीही नाही.

मी ज्ञानूला विचारलं, "कुणाचं पोरगं?"

"इचारलं की. म्हनलं, कुनाचा रं तू? काचंला तोंड लावून म्हनला, मी पुण्याचा. खाली बी उतरंना. मागं समदी दोस्त मंडळी. एक म्हनला, चल बे, काढ गाडी."

"मग पळाला?"

"पळाला असता. पर मागनं एक पोरगी उतरली. पदर खवला. मेल्याली मेंढी बघितली, मग पाय मोडल्यालीपाशी बसली. तिचं कोकरू व्हतं चार दिसांचं, ते वरडत व्हतं. पोरगी मला म्हनली, मामा, हिला गाडीत घ्या. आन् त्या पोरांस्नी म्हनली, उतरा. एक म्हनला, आमी कसं जायाचं? ही म्हनली, मेंढरं जात्यात तसं."

ज्ञानू हे सांगताना पहिल्यांदा हसला.

मेंढी मागं घातली. ज्ञानूची आई विठाबाई तिच्याशेजारी बसली. कोकरू त्या पोरीच्या मांडीवर. यवतच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत पोरगं गाडी चालवत होतं आणि पोरगी नुसतं "हळू, हळू" म्हणत होती. विठाबाईनं बघितलं, कोकराचं मुंडकं कोपरावर आणि पाय पोटाशी, नीट धरलंय. तिनं विचारलं, "बाय, तुला कुनी शिकिवलं गं असं धराया?"

ती म्हणाली, "आमची आई लहानपणी एक कविता म्हणायची. त्यात होतं."

"कुनाची गं तू?"

"न्हावऱ्याच्या गेणबा मास्तरांची नात."

विठाबाई म्हणाली, "म्हंजी माझीच की." हे ऐकून पोरानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि डोकं स्टिअरिंगवर टेकलं. विठाबाईनं ज्ञानूला सांगितलं, रडत होता. मग भामाच म्हणाली, "चल खंडू, मेंढीला दुखतंय."

ज्ञानूला मी नुकसानीचं विचारलं, तर तो उठूनच उभा राहिला. "घरातलं घरात काय मोजायचं, आबा. पोराला येकदा वाड्यावर धाडा. मामाची वळख न्हाई त्याला."

आता मला काय म्हणायचं आहे ते ऐक. भामाला मावशीला बघायला पुण्याला जायचं होतं, आगगाडी बंद होती, म्हणून तू तिला जीपमध्ये बसवलंस, हे आईकडून कळलं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. मेंढी गेली, तेही एक वेळ सोसेन. "मी पुण्याचा" हे मात्र मला सोसत नाही. पोराला गाडी दिली, पण कुणाचा ते सांगायचं बळ दिलं नाही.

आणि ती कविता तू घरात म्हणत होतीस, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, इथलं सगळं तू इथंच टाकून गेलीस.

आबा

न्हावरे,
ता. २९ मे १९७४

रा. रा. बबनराव यांस,

गेणबाचा नमस्कार. प्रकृती ठीक. तुमची ठीक असावी.

संप मिटला आणि तुमचा निरोपही आला. तुम्ही खंडूच्या मुस्काटात दिली, जीपला कुलूप घातलं आणि सोलापूरच्या कुणाला तरी ती विकायची बोलणी लावली, असं समजलं. भामा गाडीत बसलीच कशाला म्हणून तिच्यासाठीही स्थळं बघायला घेतली, असंही समजलं. या दुसऱ्या गोष्टीचा पहिलीशी काय संबंध, हे मला कळलेलं नाही.

पोराला गाडी देऊ नका, हे मीच म्हाळसाला लिहिलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणाल, म्हातारा आता खूश होईल. पण माझं म्हणणं आता निराळं आहे, ते शांतपणे ऐका.

जीप विकू नका. ती भामाच्या हाती द्या.

हसू नका. निदान पत्र संपेपर्यंत. भामा अठरा पूर्ण आहे, तिला कायद्यानं लायसन मिळतं, खंडूला मिळत नाही. तुम्ही खंडूला गाडी दिलीत आणि वर माणसं घालायला सांगितलीत. आमच्यात आधी ओझं देतात, मग दोरी. भामानं दोन महिने ती गाडी पुसली. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. आणि जेव्हा खरं ओझं आलं, तेव्हा त्या गाडीत दहा जणांपैकी एकटीला ते उचलता आलं. तुम्ही स्वतः क्लीनरचे मालक झालात. क्लीनर बघून ड्रायव्हर ओळखणं हे मी तुम्हाला शिकवायचं नाही.

आता व्यवहाराचं. भामा गेल्या साली मॅट्रिक झाली आणि घरात बसून आहे. शिरूरला कॉलेज आहे. तिनं आमच्याकडं राहावं. न्हावऱ्याचं दूध सकाळी शिरूरला जातं. आता ते एसटीच्या टपावर जातं आणि उन्हाळ्यात निम्मं नासतं. आमच्या आळीतल्या कॅनचं भाडं जीपला मिळालं तर पेट्रोल सुटतं. मी दूध सोसायटीच्या साहेबराव चेअरमनशी बोललो. तो म्हणाला, "मास्तर, पोरगी चालवणार? लोकं दूध सांडून बघत बसतील." मी म्हटलं, दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी कॅन घेऊन उभे राहतील. तो म्हणाला, तिसऱ्या दिवशी बघू.

तुमचे जुने ड्रायव्हर भिमाजी आता लांबच्या खेपा करत नाहीत, असं ऐकतो. त्यांनी भामाला शिकवावं आणि लायसन हाती येईपर्यंत शेजारी बसावं. खंडूला सुट्टी आहे तोवर ज्ञानूच्या वाड्यावर पाठवा. त्याला मारून काही होणार नाही, तो आधीच पुरेसा रडला आहे. त्याला मेंढरांमागं चालू द्या.

तुम्ही बाप आहात. शेवटचा शब्द तुमचा. मला नाही म्हणालात तरी राग धरणार नाही. पण म्हाळसाला विचारल्याशिवाय नाही म्हणू नका.

आपला,
गेणबा

न्हावरे,
ता. १२ जून १९७४

चि. म्हाळसा,

तुझं कार्ड परवा आलं. या वेळी तर तीनच ओळी.

"हे कबूल झाले आहेत. माझी एक अट आहे. दुधाबरोबर गावातल्या सातवी झालेल्या मुलींना शिरूरच्या हायस्कुलापर्यंत न्यायचं, आणि त्यांच्या घरी विचारायला तुम्ही स्वतः जायचं. हे जमलं तर रविवारी भामाला घेऊन मी येते."

कार्ड वाचून मी खिशात घातलं आणि चपला शोधू लागलो. आई म्हणाली, "जेवून जा." म्हटलं, आल्यावर जेवतो. ती म्हणाली, "पंचवीस वरसं थांबलाव, भाकरीपुरतं बी थांबवत न्हाई व्हय आता?"

पहिल्यांदा बौद्धवस्तीत ज्योतिबाकडं गेलो. तो माझा विद्यार्थी, आता पाटबंधारे खात्यात आहे. त्याची मुलगी यंदा सातवी झाली. त्यानं मुलीला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, "हिलाच विचारा, मास्तर. जायचं तिला हाय." ती म्हणाली, "पुढं बसायला मिळंल का?" म्हटलं, पुढं भिमाजी बसणार, तुम्ही मागं. तिला ते फारसं पटलं नाही, पण हो म्हणाली.

मग आपल्या आळीत आलो. दोन घरं सरळ झाली. तिसरं गिताबाईचं. ती तुझ्याच वर्गातली, तुझ्या शेजारी बसायची. ओसरीवर शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हातातली शेंग सुपात टाकली आणि म्हणाली, "आबा, तुमची पोरगी तवा घरात बसवली तुमी. सायकलीपायी चार दिस जेवली न्हवती ती, मला ठावं हाय. आन् आमच्या पोरी आता मोटारीतनं धाडायच्या?"

मी म्हटलं, "होय."

मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मला तेवढंच बोलायचं होतं. मग ती आत तोंड करून म्हणाली, "सुले, पुस्तकं कुठं ठिवलीत ती काढ."

पुढचं एक घर धरून एकूण पाच मुली झाल्या. सहाव्या मुलीचा बाप तालमीत होता. तो रात्री घरी येऊन म्हणाला, "मास्तर, पोरगी मोटार हाकणार आन् वाटंत पोरांनी शिट्ट्या मारल्या म्हंजी?" मी म्हटलं, मारतील, आणि गाडी पुढं जाईल, शिट्टी मागं राहील. तो विचार करून सांगतो म्हणाला. शनिवारपर्यंत वाट बघू.

खंडू वाड्यावर आहे. तुला काळजी असेल म्हणून लिहितो. आठ दिवसांत काळा झालाय, पायात वहाणा ज्ञानूच्या. तो पास झाल्याचं मी जाऊन सांगितलं, थर्ड क्लासात का होईना. त्यानं ऐकलं, पण लक्ष मेंढरांकडं होतं. पाय मोडलेल्या मेंढीचं कोकरू त्याच्या काखेत असतं, खाली ठेवलं की ओरडतं. परवा वाडा डांबरी ओलांडत होता तेव्हा तो रस्त्याच्या मध्यात हात पसरून उभा होता. नगरकडून एक ट्रक आला आणि हॉर्न वाजवू लागला. खंडू त्याच्या दाराशी जाऊन म्हणाला, "इंजिन बंद करा. पुढची गेली की सगळी जातात." ड्रायव्हर म्हणाला, "तू कोण रं सांगणारा?" तो म्हणाला, "न्हावऱ्याचा. ज्ञानू मेंढक्याचा भाचा." मी ओढ्याच्या काठावर बसून ऐकत होतो. त्यानं मला पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

विठाबाईनं त्यांच्या म्हाताऱ्या तट्टाच्या गळ्यातली घाट्यांची माळ दिली आहे. दोरा कुजला होता, आईनं काल नवा घालून ओवली. जीपमध्ये ती कुठं बांधायची ते भामा ठरवील. दोरी मात्र तिच्या हाती तू द्यायची, ती आईचीच असते. जीपची किल्ली म्हणजेच दोरी, असं मी धरतो.

आता रविवारचं. फाटक बैलगाडीच्या मापाचं होतं, जीप शिरली असती, पण आत वळली नसती. म्हणून मी डावीकडची काट्यांची कुपाटी काढली आणि वाट रुंद केली. अंगणातला ढीग कांद्याच्या चाळीत हलवला. दोन दिवस लागले. आई म्हणाली, गडी लावा. मी लावला नाही. आता अंगण एवढं मोठं दिसतं की सवय व्हायला वेळ लागेल. भिमाजींना विचारून गाडी शेतातही नेता येईल. कांदा निघालेलं रान सपाट आहे, पाऊस पडेपर्यंत रिकामंच आहे. भामाला वळणं शिकायला बरं. तुलाही एखादी फेरी मारावीशी वाटली तर रान मोठं आहे, तिथं बघायला कुणी नसतं. मी चाळीत असेन.

एकच सांगायचं राहिलं. गावात शिरल्यावर हॉर्न वाजवू नका. घरासमोर गाडी उभी करा, इंजिन बंद करा आणि जरा थांबा. मी दारातच असेन, पण मला उठून बाजूला व्हायला थोडा वेळ लागतो.

आबा